आधी ब्रेक, मग गिअर

मंठ्याला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन परतूरचं, पंचवीसेक किलोमीटरवर. जिल्ह्याच्या कामाला जालना गाठायचं तर साठ-पासष्ट किलोमीटर. मुख्य रस्त्यांवर एसटी मिळते, पण फाट्यावर उतरल्यानंतर आत गावापर्यंतचं अंतर ज्याचं त्यानं कापायचं. त्यामुळे या तालुक्यात मोटारसायकल ही हौसेची वस्तू राहिलेली नाही. दुधाच्या किटल्या, खताच्या गोण्या, कॉलेजला जाणाऱ्या मुली, दवाखान्यात न्यायची म्हातारी माणसं, सगळ्यांचा भार तिच्यावर आहे. शिकण्याची रीत मात्र अजून तीच. काका किंवा मोठा भाऊ घरची स्प्लेंडर मोकळ्या रानात नेतो, मागे बसतो, ‘क्लच हळू सोड, रेस दे’ एवढं सांगतो. गाडी झटका न मारता शंभर पावलं सरळ गेली की शिकणं संपलं. दुसऱ्या आठवड्यात तोच मुलगा जालना-जिंतूर रस्त्यावर ट्रकच्या मागे असतो.

या रीतीत गाडी हलवायला शिकवतात. थांबवायला कुणी शिकवत नाही. घरच्यांकडून शिकण्यात वाईट काही नाही. मोटार ट्रेनिंग स्कूलमध्येही बहुतेक ठिकाणी भर चारचाकीवरच असतो, तेव्हा दुचाकी शिकवणार घरचाच माणूस. पण त्यानं काय शिकवावं आणि कोणत्या क्रमानं, एवढं ठरवता येतं.

अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट या संशोधकानं १९८१ मध्ये एक अहवाल दिला. लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांच्या जागी त्याचं पथक स्वतः जाऊन आलं होतं. त्या अपघातांतले ९२ टक्के चालक स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले निघाले. संकट दिसल्यापासून धडक बसेपर्यंत चालकाच्या हातात साधारण दोन सेकंदांहूनही कमी वेळ होता, आणि त्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक दाबून चाक जाम केलं, पुढचा पुरेसा वापरलाच नाही. निम्म्याहून जास्त जणांचा ती विशिष्ट गाडी चालवण्याचा अनुभव पाच महिन्यांपेक्षा कमी होता. देश वेगळा, काळ वेगळा, रस्ते वेगळे; पण गाडी शिकण्याची रीत ओळखीची आहे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती.

सराव सुरू करण्याआधी जागा ठरवावी. नांगरलेलं रान नको. काळ्या भुसभुशीत मातीत पुढचं चाक रुततं, हँडल आपोआप वळतं, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपलाच तोल जातो आहे. मुरमाड, टणक, सपाट जागा उत्तम: बाजार नसलेल्या दिवशी बाजार समितीचं आवार किंवा सुट्टीच्या दिवशी शाळेचं मैदान, अर्थात परवानगी घेऊन. शिकवणाऱ्यानं मागे बसून दोन्ही बाजूंनी हँडलला हात घालू नये. दोघांचे चार हात एका हँडलवर आले की गाडी कुणाचंच ऐकत नाही. बाजूला उभं राहून सांगावं.

पहिला तास इंजिन बंद ठेवूनच. स्प्लेंडरसारखी गाडी एकशेदहा-बारा किलोची असते. ती मेन स्टँडवरून काढणं, पुन्हा चढवणं, शेजारून चालत ढकलत नेणं, थोडी कलती करून पुन्हा सरळ करणं, एवढं नीट जमलं की वजनाची भीती जाते. ढकलतानाच उजव्या हाताच्या दोन बोटांनी पुढचा ब्रेक हलके दाबून पाहावा. गाडी कशी नाक खाली घालून थांबते ते हाताला कळतं. म्हणजे गिअरच्या आधी ब्रेकची ओळख होते, आणि हाच क्रम पुढेही ठेवायचा आहे. साइड स्टँड वर घेण्याची सवयही याच वेळी लावावी. खाली राहिलेला स्टँड डावीकडे वळताना रस्त्याला टेकतो आणि गाडी उलथवतो.

मग हाफ क्लच. इंजिन चालू, पहिला गिअर, दोन्ही पाय जमिनीवर, रेस अजिबात नाही. क्लच अगदी सावकाश सोडत जायचा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडी पुढे ओढ घेते. तिथंच बोटं थांबवायची, वीतभर पुढे जाऊ द्यायचं, पुन्हा क्लच दाबायचा. हे इतक्या वेळा करावं की ती जागा न बघता, न विचार करता बोटांना सापडेल. नवशिक्याची गाडी चढावर मागे सरते किंवा बाजाराच्या गर्दीत बंद पडते, ती याच सरावाच्या अभावी.

हाफ क्लच आला की माणसाच्या चालण्याच्या वेगानं गाडी चालवावी: थोडी रेस, अर्धा क्लच आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय. हे वेगात चालवण्यापेक्षा अवघड आहे. आरटीओच्या चाचणीत आठचा आकडा काढायला लावतात तो याचसाठी. तिथं पाय टेकणारे बहुतेक उमेदवार पुढच्या चाकाकडे बघत असतात. नजर पुढच्या वळणाच्या शेवटाकडे ठेवली की हँडल तिकडं जातं. पुढचा ब्रेक मात्र हँडल पूर्ण वळलेलं असताना दाबायचा नाही. थांबता-थांबता गाडी पडते ती बहुधा अशीच.

आता ब्रेक. ‘पुढचा ब्रेक मारू नको, पलटी खाशील’ हा सल्ला मराठवाड्यातल्या प्रत्येक शिकणाऱ्यानं ऐकलेला असतो, आणि प्रेमापोटी दिलेल्या सल्ल्यांत याच्याइतका घातक दुसरा नाही. गाडी थांबू लागते तसं बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं. पुढचं चाक रस्त्याला घट्ट धरतं, मागचं हलकं होतं. म्हणून कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचा ब्रेक करतो. एकट्या मागच्या ब्रेकवर विसंबलं तर गाडी लांबवर फरफटत जाते, मागचं चाक जाम होऊन बाजूला येतं. पलटी खाण्याची भीती पूर्ण खोटीही नाही. पुढचा ब्रेक झटक्यात आवळला, किंवा वाळूवर, चिखलावर, वळणात दाबला, तर गाडी खाली जातेच. शिकायचं आहे ते या दोन गोष्टींतलं अंतर.

मैदानात फक्कीनं एक आडवी रेघ मारावी. ताशी वीस किलोमीटरनं यावं, पुढचं चाक रेघेवर आलं की फक्त मागचा ब्रेक लावावा, थांबल्यावर पावलं मोजावीत. मग तोच वेग, फक्त पुढचा ब्रेक: आधी हलका, वजन पुढे आलेलं जाणवलं की वाढता दाब, एका झटक्यात नाही, पण सलग. शेवटी दोन्ही मिळून. तीन वेळची पावलं ताडून बघितली की समजावून सांगायची गरज उरत नाही. मग तीस, मग चाळीस. मागचं चाक घसरू लागलं तर पायाचा दाब हलकेच कमी करावा. पुढचं चाक घसरल्याचं जाणवलं तर ब्रेक तत्क्षणी सोडून पुन्हा हळू धरावा. नजर दूर समोर, गुडघे टाकीला आवळलेले, हात ताठ नाहीत. क्लच अगदी शेवटी, गाडी थांबत आल्यावर. आधीच क्लच दाबला की इंजिनाचा रोध हातचा जातो. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडण्याची सवय अनेकांना असते, तीही याच कारणानं घातक.

आपल्या गाडीचे ब्रेक कोणत्या जातीचे आहेत हेही माहीत हवं. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सव्वाशे सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. तिथं जोरात ब्रेक लावला तरी किमान पुढचं चाक जाम होत नाही. सव्वाशे सीसीपर्यंतच्या गाड्यांना किमान सीबीएस आलं, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही काही प्रमाणात लागतो. त्याआधीच्या सेकंड हँड शंभर सीसीच्या गाडीत बहुधा यांतलं काहीच नसतं. गावाकडे शिकणाऱ्याच्या वाट्याला नेमकी तीच गाडी येते, म्हणून हा सराव शहरातल्यापेक्षा इथं जास्त गरजेचा आहे.

गाडी बदलली की एक सापळा असतो. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढच्या बाजूला दाबून वर चढतात. पल्सरसारख्या गाडीत पहिला खाली आणि बाकीचे पंजानं वर उचलून. स्प्लेंडरवर तयार झालेला पाय मित्राच्या पल्सरवर पन्नासच्या वेगात सवयीनं पुढे दाबतो आणि गाडी वरच्या गिअरऐवजी खालच्यात पडते. मागचं चाक एकदम ओढ खातं. दुसऱ्याची गाडी हातात घेतली की निघण्याआधी उभ्या उभ्या गिअर टाकून पाहावेत.

वेगाचा हिशेब साधा आहे, पण एकदा कागदावर मांडावा. ताशी साठला गाडी एका सेकंदात जवळपास सतरा मीटर जाते. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला आणि पुढे चांगल्या ब्रेकनं आणखी अठ्ठावीसेक मीटर धरले, तर कोरड्या रस्त्यावर थांबायला पंचेचाळीस मीटर लागतात. ताशी चाळीसला हेच अंतर तेवीस-चोवीस मीटर होतं. वेग एक तृतीयांशानं कमी केला, अंतर निम्म्यावर आलं. म्हणून पहिला महिनाभर चाळीसची मर्यादा स्वतःवर घालून घेणं हा सर्वात स्वस्त विमा आहे.

वळणाचा नियम एका ओळीत सांगता येतो: वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. पंचवीस-तीसच्या पुढे गाडी हँडल फिरवून वळत नाही, कलून वळते. डावीकडे जायचं तर डावी मूठ हलकेच पुढे ढकलायची, गाडी डावीकडे कलते. ऐकायला उलटं वाटतं. सरळ मोकळ्या रस्त्यावर अगदी हलक्या हातानं करून पाहिलं की पटतं. आडव्या आलेल्या कुत्र्याला चुकवताना हेच कौशल्य कामी येतं.

रस्त्यावरचा पहिला दिवस पहाटेचा असावा, आठवडी बाजाराचा नसावा. मंठ्याहून निघणाऱ्या रस्त्यांचा स्वभाव वेगवेगळा आहे. जालना-जिंतूर रस्त्यावर ट्रक, ट्रॅव्हल्स आणि एसटी सतत. शेगाव-पंढरपूर महामार्गाचा सरळ काँक्रीटचा पट्टा वेगाचा मोह घालतो, आणि त्यावर गावोगावचे फाटे थेट येऊन मिळतात. फाट्यावरून येणारा ट्रॅक्टर थांबेल असं धरून चालू नये. नवशिक्यानं आधी गावजोड रस्ते, मग तळणीकडचा रस्ता, मग वाटूर फाट्यापर्यंत, असं वाढत जावं. जालन्यातली मंठा चौफुली आणि पुढची शहरातली गर्दी अगदी शेवटी. जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे तो विषयच नाही.

कॅलेंडर बघून गाडी चालवण्याची अक्कल मात्र इथल्याच मातीतून यावी लागते. जूनमध्ये पेरणीला शेतात गेलेले ट्रॅक्टर चाकांना लागलेली काळी माती डांबरावर टाकत येतात. तिच्यावर पहिला शिडकावा झाला की रस्ता साबणासारखा होतो. तिथं ब्रेक नाही, वळण नाही, रेस तशीच हलकी ठेवून सरळ निघून जायचं. शेतरस्त्यावरची काळी माती आणखी चिवट. ती टायर आणि मडगार्डच्या मध्ये ठासते आणि चाक फिरेनासं होतं. अशा वेळी रेस वाढवून क्लच प्लेट जाळण्यापेक्षा उतरून काडीनं माती काढावी, आणि पावसाचा अंदाज असेल तर गाडी डांबरी रस्त्यालगतच लावून पुढे चालत जावं. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये, पाणी घोट्याएवढं दिसलं तरी. खाली रस्ता उरला आहे की नाही ते वरून कळत नाही.

ऑक्टोबरात सोयाबीन निघतं. काही ठिकाणी रस्त्याच्या कडेला धान्य वाळत घातलेलं असतं, त्याचे दाणे डांबरावर पसरतात. दाण्यांवर टायरची पकड राहत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू झाली की रात्रीच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर येतात, कित्येकांना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. समोरच्या गाडीच्या अप्परनं डोळे दिपलेले असताना मधल्या काळोखात उभी ट्रॉली दिसतच नाही. शंभर सीसीच्या गाडीचा डिपर थोडाच रस्ता दाखवतो. जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल, इतकाच वेग. समोरून प्रकाश आला की नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर टिकवावी आणि वेग लगेच उतरवावा. पिकं उभी असताना पहाटे आणि संध्याकाळी रोही आणि रानडुकरं रस्ता ओलांडतात. एक गेलं की मागून दुसरं येणार हे धरूनच थांबावं. खरं तर पहिले दोन-तीन महिने अंधार पडल्यावर गाडी बाहेर काढूच नये. घरच्यांनी या एका बाबतीत कडक व्हावं.

डबल सीटची घाई नको. मागे माणूस बसला की थांबायचं अंतर, तोल, वळण सगळं बदलतं, हेडलाइटसुद्धा वर उठतो. युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी टाकीवर ठेवली तर हँडल पूर्ण वळत नाही. ती मागच्या सीटवर, मधोमध, घट्ट बांधलेली असावी. मागे साडी नेसलेली किंवा ओढणी घेतलेली बाई असेल तर मागच्या चाकावर साडी गार्ड हवाच. तो केंद्रीय मोटार वाहन नियमांनीच सक्तीचा केलेला आहे, पण जुन्या गाड्यांवरून तो काढून टाकलेला दिसतो. निघण्यापूर्वी पदर, ओढणीची टोकं आवळून घेतली आहेत ना, हे चालकानं स्वतः वळून पाहावं.

हेल्मेटबद्दल फार बोललं जातं, पण मापाबद्दल कुणी बोलत नाही. पट्टा लावून हेल्मेट मागून पुढे ढकलावं. डोक्यावरून निघालं तर ते मोठं आहे. आयएसआय खूण हवी, आणि पट्टा लावलेलाच हवा. २०२२ मध्ये देशात हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसं दुचाकी अपघातांत गेली, आणि त्यांतली १४,३३७ मागे बसलेली होती. शेतात जायचं असलं तरी हेल्मेट, कारण शेतात जायला रस्ता ओलांडावा लागतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. गिअरच्या गाडीला वय अठरा पूर्ण हवं. शिकाऊ लायसन्स आधारच्या मदतीनं घरबसल्या परीक्षा देऊन काढता येतं. ते सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. शिकाऊ असताना गाडीवर पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा आणि मागे शिकवणारा लायसन्सधारक सोडून कुणी बसवायचं नाही. सोळा वर्षांच्या पोराच्या हातात गाडी देणाऱ्या पालकांनी मोटार वाहन कायद्याचं १९९-अ हे कलम वाचावं: मुलाचा गुन्हा पालकाच्या किंवा गाडीमालकाच्या नावावर लागतो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. जुनी गाडी असेल तर विमा चालू आहे का तेही पाहावं; हप्ता भरायचा राहिलेली एमएच-२१ पासिंगची कितीतरी वाहनं रस्त्यावर असतील.

महिनाभर गावजोड रस्त्यांवर हात बसल्यावर पहिला लांबचा पल्ला लोणारचा ठेवावा. सकाळी निघून दुपारच्या आत परत येता येतं, अंतर एका बाजूनं पन्नास किलोमीटरच्या आसपास, आणि एवढ्या वाटेवर सरळ रस्ता, वळणं, गावातली वर्दळ सगळ्याची उजळणी होते. निघण्याआधी टायरमधली हवा थंड असतानाच तपासावी, चेनला बोटानं वर-खाली करून दोन-तीन सेंटिमीटरची ढील पाहावी, दोन्ही ब्रेक आवळून बघावेत, ब्रेक लाइट लागतो का ते कुणाला तरी मागे उभं करून विचारावं. वाटेत अर्ध्या तासानं थांबावं. नवशिक्याचे खांदे आणि मनगटं लवकर आखडतात, आणि आखडलेल्या हातानं पुढचा ब्रेक झटक्यात आवळला जातो.

रस्त्यात दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला तर १०८ ला फोन करावा, शुद्ध हरपलेल्या माणसाची मान हलवू नये, हेल्मेट ओढून काढू नये. मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीनं लोक पुढे निघून जातात. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या १३४-अ कलमानं अशा माणसाला संरक्षण दिलं आहे. त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही करता येत नाही.